वजन, जकात आणि काटा

आपल्या मराठीत वजनाला फार वजन आहे. मोठ्या माणसाच्या शब्दाला वजन असते, धाकटा त्याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि कचेरीत फाईल हलेनाशी झाली की तिच्यावर ‘वजन’ ठेवावे लागते. आता गंमत पाहा. ‘वजन’ हा शब्द अरबीतून आला, ‘तराजू’ फारसीतून आला. ‘पासंग’ही फारसीच. रिकाम्या तराजूची पारडी समतोल नसली, की हलक्या बाजूला जो लहानसा दगड बांधतात तो पासंग. ओझे वाहणारा ‘हमाल’ अरबस्तानातून आला. आणि ‘जकात’? मूळ अरबीत जकात म्हणजे आपल्या संपत्तीतला गरिबाचा हक्काचा वाटा. आपल्याकडे येईपर्यंत त्या शब्दाने रस्त्यावर नाका थाटला आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर कर वसूल करू लागला.

हा प्रवास शब्दकोशातला वाटतो, पण तो सडकेवरचा आहे. भरलेली गाडी कोणी तोलायची, कशासाठी तोलायची, आणि वजन जास्त भरले तर पुढे काय करायचे, या तीन प्रश्नांचा हा इतिहास आहे. मी नवी मुंबईत राहतो, म्हणून तो मला रोज दिसतो. वाशीचा घाऊक बाजार, कळंबोलीचे पोलादाचे गाळे, तळोज्याचे कारखाने आणि न्हावाशेव्याचे बंदर यांच्यामधून जाणाऱ्या रस्त्यांवर ठिकठिकाणी पाटी दिसते, ‘धर्मकाटा’. ट्रक त्या लोखंडी पाटावर चढतो, आकडा दिसतो, चिठ्ठी फाटते. काट्याला लोकांनी ‘धर्म’ हा शब्द जोडला, यावरूनच त्यांना त्याच्याकडून काय हवे होते ते कळते.

जुन्या काळी माल रस्त्याने जायचा तो बैलाच्या पाठीवरून. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे घाटावरून कोकणात आणि कोकणातून घाटावर मीठ, धान्य वाहून नेत. बैलाच्या दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या पिशव्या त्या गोण्या, आणि जकात मोजायची ती बैलामागे किंवा ओझ्यामागे. पेशवाईत माल भरण्याच्या जागी ‘थळभरीत’, विकण्याच्या जागी ‘थळमोड’ अशा नावांनी ती घेतली जाई. नाक्यावर काटा नव्हता, कारण त्याची गरज नव्हती. बैलाची पाठ हाच काटा होता. बैल झेपेल तेवढेच ओझे घेतो, त्याहून जास्त लादले तर तो बसतो. ओझ्याची मर्यादा जनावराने ठरवलेली होती, तिथे कायद्याला फारसे काम नव्हते.

१८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि सगळे बदलले. आता पुण्याहून चाकाची गाडी थेट खाली उतरू लागली. ती यायची पनवेलला. तिथून माल पडावात भरून मुंबईला जायचा. आज आपण ज्याला नवी मुंबईचे शेजारगाव म्हणतो, ते पनवेल तेव्हा देश आणि मुंबई यांच्यामधला धक्का होते. इंपीरियल गॅझेटियरमध्ये पनवेलच्या मुख्य धंद्याची नोंद आहे. तो धंदा म्हणजे बैलगाडीची चाके बनवण्याचा. देशावरून आलेला गाडीवान परत जाताना पनवेलची चाकांची जोडी घेऊन जाई, असे त्यात म्हटले आहे. या नोंदीपाशी मी बराच वेळ थांबतो. घाट उतरताना भरलेल्या गाडीचे चाक काय सोसत असेल, याचा तो हिशेब आहे. बैल बसून सांगतो, चाक मोडून सांगते. रस्ता मात्र काहीच सांगत नाही, तो निमूटपणे खचत जातो. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि पनवेलच्या चाकांचे दिवस ओसरू लागले.

गाडी तोलायचे यंत्र मात्र त्याच्याही आधीचे, आणि ते जन्मले करापोटी. १८ व्या शतकात इंग्लंडात रस्ते पथकरावर चालत. जड गाड्यांनी रस्ते उखडू लागल्यावर तिथल्या पार्लमेंटने ठरावीक वजनावरच्या गाडीला जादा आकार लावायची मुभा दिली. पण आख्खी गाडी तोलायची कशी? सुरुवातीला ती साखळ्यांनी हवेत उचलून तोलत. १७४४ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या जॉन वायट याने जमिनीत खड्डा करून त्यात तरफांची जुळणी बसवली आणि वर फळी टाकली. गाडी फळीवर आली की तरफा तिचे वजन लहान करून शेवटच्या दांडीपर्यंत पोचवीत, म्हणजे थोड्या किलोंच्या मापाने कित्येक टन तोलता येत. पुढे १८३१ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये थॅडियस फेअरबँक्सने गाडीभर अंबाडी तोलण्याच्या खटपटीतून पाटाच्या काट्याचे पेटंट घेतले. आज खड्ड्यातल्या तरफांची जागा लोड सेल नावाच्या दाब मोजणाऱ्या तुकड्यांनी घेतली आहे, पण तत्त्व तेच आहे. म्हणजे मोठ्या काट्याचा पहिला हेतू रस्ता वाचवणे हा होता, आणि त्याची पहिली पद्धत जास्त वजनाचे जास्त पैसे घेणे ही होती. हेतू आणि पद्धत यांच्यातली ही ओढाताण तेव्हापासून सुरू आहे.

आपल्याकडे काट्याआधी मापाचाच गोंधळ निस्तरायचा होता. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे आजचे पावणेतेरा किलो. रेल्वेचा मण सुमारे सव्वासदतीस किलोंचा. शब्द एक आणि ओझे तिप्पट! १९५६ च्या कायद्याने किलो आणि टन आले आणि १९६२ पर्यंत देशभर तेच माप सक्तीचे झाले. ‘मापात पाप’ ही म्हण ज्या समाजाने घडवली, त्याला हा बदल किती मोठा होता याची आज कल्पना येत नाही. आता भरगाडी तोलणाऱ्या काट्यालाही वैध मापन खात्याकडून ठरावीक मुदतीने तपासून शिक्का घ्यावा लागतो.

माझे अब्बा मशीद बंदरच्या धान्य बाजारात तोलार होते. काटा थरथरत असताना व्यापारी आकडा विचारायचा, तरी अब्बा गप्प राहायचे. काटा स्थिर झाल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही, हा त्यांचा नियम. ‘दांडी मारणे’ या शब्दाचा मूळ अर्थ मला त्यांनीच सांगितला. तोलताना दांडीला बोटाचा हलका धक्का द्यायचा आणि माप मारायचे. शाळा बुडवण्याला आम्ही दांडी मारणे म्हणायचो, ते ऐकून ते हसायचे.

त्यांच्या काट्यावर पोते तोलले जाई, ते वाहणारी पाठ कधी तोलली गेली नाही. तेव्हा धान्याचे पोते म्हणजे शंभर किलो. ते डोक्यावर आणि पाठीवर घेऊन माणसे फळीवरून ट्रकात चढत. या माणसांना अण्णासाहेब पाटलांनी संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मजुरी, नोंदणी, मंडळे आली. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ सालीच शिफारस केली होती, की प्रौढ पुरुष कामगाराने एका वेळी हाताने वाहायचे ओझे ५५ किलोंच्या वर नसावे. १९८० आणि १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने मुंबईचे घाऊक बाजार वाशीला आले, त्यांच्यामागून आमच्यासारखी घरेही आली. अलीकडच्या वर्षांत वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात ५० किलोंपेक्षा जड गोणी उचलणार नाही, म्हणून माथाडींनी काम थांबवले आहे. यातली मागणी नीट ऐका. जड गोणीचे जास्त पैसे द्या, असे ते म्हणत नाहीत. गोणी हलकी करा, असे म्हणतात. वजनाच्या सगळ्या इतिहासात मला हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आता ट्रककडे येऊ. मोटारींच्या काळात रस्त्यांचा प्रश्न देशपातळीवर मांडला तो एका मराठी माणसाने. १९२७ साली बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. रस्ते हा आता स्थानिक संस्थांना पेलणारा भार राहिलेला नाही, असे तिने सांगितले आणि त्यातून पुढे केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात गाडीच्या वजनाची मर्यादा आणि ती तोलण्याचा अधिकार आला. आजचा कायदा १९८८ चा. त्याचे ११३ वे कलम सांगते, की नोंदणीपत्रात लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त वजनाचे कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक जागी चालवता येणार नाही. याच कलमात एक शहाणपणाची ओळ आहे. चालक मालक नसेल, तर हे मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाले असे न्यायालय गृहीत धरू शकते. ओझे कोणी लादले, हा प्रश्न कायद्याने विचारून ठेवला आहे. रस्त्यावर तो क्वचितच विचारला जातो. काट्यावर उभा असतो तो ड्रायव्हर.

माझा भाचा अमेरिकेत असतो. सुटीत तो घरगाडी भाड्याने घेऊन फिरतो. झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली ती मोठी गाडी. तिकडे महामार्गावर जागोजागी तोलनाके असतात आणि ट्रकांना तिथे वळावेच लागते. त्याने मला फोनवर विचारले, “मामू, ही गाडी ट्रकएवढी आहे, पण माझ्या घरच्या माणसांची आहे. हिने तोलनाक्यावर थांबायचे का? आणि आपल्याकडे काय नियम आहे?” तिकडचे उत्तर राज्यागणिक बदलते. बहुतेक ठिकाणी नियम व्यापारी वाहनांसाठी आहे, काही ठिकाणी ठरावीक वजनावरच्या सगळ्याच वाहनांसाठी. म्हणून राज्याची हद्द ओलांडली की पाटीवरचे शब्द नीट वाचावे लागतात.

आपल्याकडचे उत्तर शोधताना मी कायदा उघडला आणि चकित झालो. ११३ वे कलम ‘कोणतेही मोटार वाहन’ म्हणते. त्यात घरची गाडी आली, घरगाडी आली, लग्नाचे सामान भरलेला स्वतःचा टेंपोही आला. पण ११४ वे कलम, ज्याने अधिकारी गाडीला काट्यावर न्यायला सांगू शकतो, ते मालवाहू गाडी आणि ट्रेलर यांच्यापुरतेच आहे. ट्रक स्वतःच्या मालासाठी वापरला म्हणून तो यातून सुटत नाही. एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असेल तर मालगाडीला परवान्यातून सूट आहे, वजनाच्या मर्यादेतून नाही. साधा हलक्या वाहनाचा चालक परवाना कुठवर चालतो, तर ७,५०० किलोंपर्यंत. तेवढ्या वजनाची मालगाडीही त्याच परवान्यावर चालवता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केले. महाराष्ट्राने २०२१ साली पर्यटनासाठी कॅराव्हॅन धोरण आणले, त्यामुळे भाच्याचा प्रश्न आता इथलाही झाला आहे. घरगाडीला सहसा कोणी काट्यावर बोलावणार नाही. पाण्याची टाकी, फ्रिज आणि सात माणसे तिने झेपतील एवढीच घेतली आहेत ना, हे मालकाने स्वतःच बघायचे. वजनाची मर्यादा सगळ्यांना आहे, तपासणी काहींनाच आहे.

मर्यादा हवी कशाला? याचे उत्तर १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मिळाले. तिथे मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून ट्रक अहोरात्र फिरवले आणि रस्ता कशाने किती खराब होतो ते मोजले. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की आसावरचा, म्हणजे ट्रकवाल्यांच्या भाषेत एक्सलवरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचे नुकसान दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट होते. भार दहा टक्क्यांनी वाढला तरी नुकसान जवळजवळ दीडपट. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार चाकांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वरचा नियम लावला तर पूर्ण भरलेल्या एका आसाच्या एका फेरीने होणारी झीज सुमारे १.६ पट झाली. तेवढाच माल कमी फेऱ्यांत जातो, डिझेल वाचते, हेही खरे. पण खड्डा पडतो तेव्हा त्यात दुचाकीवाला पडतो, आणि तो या हिशेबात कुठेच नसतो. शिवाय जादा भाराने ब्रेक लागायला जास्त अंतर लागते. बोरघाट उतरणाऱ्या ड्रायव्हरला हे कोणी शिकवावे लागत नाही.

आता जुन्या ओढाताणीचा आपल्याकडचा अध्याय. १९८८ च्या कायद्यात जादा भाराला दंड होता, तसेच जादा माल उतरवून घ्यायचा आणि तोवर गाडी हलू द्यायची नाही, असा हुकूम देण्याचा अधिकारही होता. प्रत्यक्षात सोपा रस्ता निवडला गेला. अनेक राज्यांत तडजोडीची रक्कम घ्यायची, पावती फाडायची आणि तोच ट्रक तेवढाच माल घेऊन पुढे सोडायचा. पावती हाच परवाना झाला. ९ नोव्हेंबर २००५ रोजी परमजित भसीन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की तडजोडीची रक्कम भरली म्हणून जादा ओझे पुढे न्यायचा अधिकार मिळत नाही. जादा माल उतरलाच पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने केंद्राच्या कायद्यात दंड वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये असा झाला. लोकांनी दंडाचे आकडे लक्षात ठेवले. त्याच दुरुस्तीने एक वाक्यही जोडले होते, जादा भार उतरवल्याशिवाय वाहन हलू देऊ नये. न्यायालयाला १४ वर्षांपूर्वी जे सांगावे लागले, ते आता कायद्याच्या पोटातच आले. या वाक्याला मात्र बातम्यांत फार जागा मिळाली नाही.

समुद्राने हा धडा वेगळ्या तऱ्हेने शिकवला. जानेवारी २००७ मध्ये ‘एमएससी नेपोली’ हे कंटेनरचे जहाज इंग्लिश खाडीत फुटले आणि डेव्हनच्या किनाऱ्यावर न्यावे लागले. नंतर डेकवरचे ६६० कंटेनर तोलले, तेव्हा त्यांतल्या १३७ चे वजन कागदावरच्या वजनापेक्षा तीन टनांहून अधिक फरकाचे निघाले. १ जुलै २०१६ पासून जगभर नियम झाला, की तोलून खात्री केलेले वजन कळवल्याशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढणार नाही. तो न्हावाशेव्यालाही लागू आहे. इथे दंड भरून चढण्याची सोयच ठेवलेली नाही.

मी गझल लिहितो. आमच्या उस्तादांच्या भाषेत वृत्तालाही ‘वजन’ म्हणतात. ओळीत एक मात्रा जास्त झाली, तर ती ओळ ‘बेवजन’ ठरते. तिथे दंड भरता येत नाही, शब्द काढावा लागतो. कितीही लाडका असला तरी काढावा लागतो. माथाडींनी गोणीबद्दल, न्यायालयाने ट्रकबद्दल आणि समुद्राने कंटेनरबद्दल सांगितले, ते याहून वेगळे नाही.

पण कवीला शब्द काढायला फक्त खोडरबर लागते. ट्रकमधून चार टन पोलाद काढायचे तर जागा लागते, हात लागतात, छप्पर लागते. कायदा म्हणतो, माल ड्रायव्हरने स्वतःच्या जबाबदारीवर उतरवावा. रात्री दोन वाजता, पावसात, रस्त्याच्या कडेला त्याने तो कुठे उतरवायचा? राखण कोणी करायची? मालकाचा फोन कोणी घ्यायचा? म्हणून तपासणीचा जो काटा बसवला जाईल, त्याच्याशेजारी माल ठेवायला बंदिस्त आवार असावे, उतरवायला नोंदणीतले माथाडी असावेत, आणि उतरवण्याचा, राखण्याचा खर्च ज्याने माल लादला त्याच्या नावे लिहिला जावा. एवढी सोय नसेल तर अधिकाऱ्यापुढे आणि ड्रायव्हरपुढे पावतीशिवाय दुसरी वाट उरत नाही. मग दंड कितीही वाढवला, तरी आपण बांधलेला असतो तो जुना जकातनाकाच.